अजरख

चिंचोके, गूळ, गंजलेले लोखंड, हिरडे, चुना, बाभळीचा डिंक, तुरटी, एरंडेल तेल आणि टाकळ्याचे बी. ह्या वस्तू एका ठिकाणी मांडून ठेवल्या, तर पाहणाऱ्याला मोठे कोडे पडेल. हिरडे आणि एरंडेल पाहून तो म्हणेल, हे सामान वैद्याचे असावे. गूळ पाहून त्याला वाण्याच्या दुकानाची आठवण होईल. गंजलेले लोखंड मात्र ह्या दोन्ही ठिकाणी शोभायचे नाही. परंतु कच्छमधील एखाद्या खत्री कारागिराला ह्या वस्तू दाखवल्या, तर तो क्षणाचाही विचार न करता सांगेल, ‘‘हे अजरख आहे. फक्त कापड, नीळ आणि मंजिष्ठ तेवढी आणायची राहिली आहे.’’

अजरख हे ठशांनी छापलेले सुती कापड. गर्द निळा आणि गर्द लाल हे त्याचे मुख्य रंग. त्यांच्यामधून काळ्या आणि पांढऱ्या रेषा अशा रेखीवपणे जातात, की साऱ्या कापडावर चांदण्या, वर्तुळे आणि फुले यांची जाळी विणल्यासारखी दिसते. ह्या जाळीत माणसाची अगर प्राण्याची आकृती आढळत नाही. कारागीर मुसलमान असल्यामुळे त्यांनी भूमितीच्या आकृत्यांतच आपली सारी कल्पकता ओतली आहे.

कच्छ हा गुजरातच्या वायव्येचा प्रदेश. त्याच्या उत्तरेस आणि पूर्वेस खारे रण पसरलेले आहे. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. ह्या प्रदेशात गाई-म्हशी, उंट आणि शेळ्यामेंढ्या पाळून राहणाऱ्या लोकांना मालधारी म्हणतात. अजरखाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे हेच मालधारी. ते अजरखाचे मुंडासे बांधीत, ते कमरेला नेसत, खांद्यावर टाकीत. त्याचीच झोळी करून तीत तान्ह्या मुलाला निजवीत आणि त्याच्याच गाठोड्यात भाकरी बांधून घेत. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापलेले असते, त्याला ‘बिपुरी’ म्हणतात. पहाटेच्या अंधारात उठून गुरांमागे जाणाऱ्या माणसाला सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती हे कसे दिसणार? म्हणून ज्याला उलट बाजूच नाही असे कापड त्याच्यासाठी केले गेले, असे सांगतात.

अजरख ह्या नावाविषयी दोन मते आहेत. अरबी भाषेत निळ्याला ‘अझरक’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले असे काही जण मानतात. कारागिरांना मात्र दुसरीच व्युत्पत्ती अधिक आवडते. ‘आज रख’, म्हणजे आजच्या दिवस कापड तसेच राहू दे. ह्या व्युत्पत्तीत भाषाशास्त्र किती आहे कोण जाणे, पण अजरखाचे सारे मर्म तिच्यात आहे. हे कापड करताना घाई करून मुळीच चालत नाही. ते भिजवावे आणि राहू द्यावे, वाळवावे आणि राहू द्यावे, छापावे आणि पुन्हा राहू द्यावे. पांढऱ्या कापडाचे अजरख व्हायला दोन-तीन आठवडे सहज लागतात.

ही विद्या फार जुनी आहे. सिंधू नदीच्या खोऱ्यातील मोहेंजोदडो येथे उत्खनन झाले, तेव्हा चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे लहानसे तुकडे मिळाले. ते मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीने रंगवलेले होते. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या ह्या लोकांना कापूस तर ठाऊक होताच, पण त्याच्यावर पक्का लाल रंग कसा चढवावा हेही ठाऊक होते. पुढे मध्ययुगात गुजरातची छापील कापडे गलबतांत भरून अरबस्तानाकडे आणि मिसरकडे जाऊ लागली. कैरो शहराजवळील फुस्तात ह्या जुन्या वसाहतीत अशा कापडांचे पुष्कळ तुकडे सापडले आहेत. त्यांवरील निळा आणि लाल रंग शेकडो वर्षे मातीत राहूनही ओळखू येतो.

कच्छमध्ये ही कला आणणारे खत्री मूळचे सिंधमधले. सुमारे चारशे वर्षांपूर्वी कच्छचे राजे राव भारमल यांनी त्यांना आपल्या राज्यात बोलावले. वसाहतीसाठी जागा निवडताना ह्या लोकांनी बाजारपेठ पाहिली नाही की राजवाडा पाहिला नाही, त्यांनी पाणी पाहिले. सारण नदीच्या काठी धमडका हे गाव त्यांना पसंत पडले. रंगाऱ्याचे निम्मे काम धुण्याचे असते, आणि वाहते पाणी त्याच्या उंबरठ्याशी असले तर त्याला दुसरे काय हवे?

आता हे कापड कसे तयार होते ते पाहू.

गिरणीतून आलेल्या कापडाला खळ असते. ती अंगावर असेपर्यंत रंग आत शिरत नाही. म्हणून प्रथम कापड धुऊन घेतात आणि मग त्याचा ‘साज’ करतात. एरंडेल तेल, सोड्याचा क्षार आणि उंटाचे शेण पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी ते उन्हात टाकतात, अर्धवट सुकले की पुन्हा त्याच पाण्यात बुडवतात. असे अनेक वेळा करतात. कापड चोळल्यावर साबणासारखा फेस आला, म्हणजे साज पुरा झाला. नंतर कापड स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरडा तुरट असतो. तो तुरटपणा कापडाच्या धाग्याधाग्यांत मुरतो आणि कापड पिवळसर दिसू लागते.

आता ठशांचे काम सुरू होते. ठसे सागवानी लाकडाचे असतात. गांधीनगरजवळील पेथापूर हे गाव असे ठसे कोरण्याविषयी प्रसिद्ध आहे. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. रेषांचा ठसा वेगळा, काळ्या रंगाचा वेगळा, लाल जागा भरण्याचा वेगळा. कापडाच्या दोन्ही बाजूंना छापायचे असेल, तर आरशात दिसावी तशी उलट नक्षी कोरलेला जोडठसाही लागतो. हे सर्व ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. कोरणाऱ्याची छिन्नी जरा चुकली, तर छापणाऱ्याचे सारे कापड फसते. म्हणून अजरखाच्या प्रत्येक वारात, नाव नसले तरी, पेथापूरच्या सुताराचाही वाटा असतो.

पहिला ठसा चुना आणि बाभळीचा डिंक यांच्या खळीचा. ही खळ म्हणजे रंग नव्हे, उलट ती रंगाला अडवणारी भिंत आहे. जेथे ती बसली तेथे पुढे रंग चढायचा नाही, ती रेषा पांढरी राहील. एखादे चित्र काढताना आपण रेषा काढतो, अजरख करणारा मात्र रेषा राखतो.

दुसरा ठसा काळ्या रंगाचा. ह्यासाठी ‘कट’ नावाचा द्रव लागतो. मोडके लोखंड, गूळ आणि पाणी एकत्र करून सुमारे वीस दिवस ठेवून देतात. गूळ आंबतो, पाणी आंबट होते आणि लोखंड हळूहळू त्यात उतरू लागते. मग ते पाणी गाळून, त्यात चिंचोक्यांचे पीठ घालून दाट शिजवतात. हा कट मुळात मळकट करड्या रंगाचा असतो. पण हिरडा मुरलेल्या कापडावर त्याचा ठसा उमटताच तेथे काळाभोर रंग उठतो. ह्यात चमत्कार काही नाही. लोखंडाचा अंश आणि हिरड्याचा तुरटपणा एकत्र आला की काळा रंग होतो. पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तिचेही तत्त्व हेच.

तिसरी खळ तुरटीची. कापडावर ज्या जागा लाल व्हायच्या असतील तेथे ती छापतात. तिच्यात तुरटीबरोबर माती, डिंक आणि बाजरीचे पीठ घालतात, त्यामुळे ती दाट होते. ह्या एका खळीकडून कारागीर दोन कामे करून घेतो. तिच्यातली माती आणि डिंक त्या जागेला निळीपासून वाचवतात आणि तिच्यातली तुरटी धाग्यांत शिरून पुढे येणाऱ्या लाल रंगासाठी बैठक तयार करते. खळ ओली असतानाच तिच्यावर लाकडाचा बारीक भुसा भुरभुरतात, म्हणजे ती पसरत नाही. मग कापड काही दिवस वाळू देतात. पुन्हा ‘आज रख’!

येथवर कापडाकडे पाहिले तर त्याचा भरवसा वाटत नाही. कुठे मातीचे थर, कुठे भुशाची पुटे, कुठे काळे डाग! निळा रंग नाही आणि लालही नाही. जे कापडावर पुढे दिसायचे आहे ते अजून केवळ कारागिराच्या डोळ्यांपुढे असते.

वाळलेले कापड निळीच्या रांजणात उतरवतात. निळीचा स्वभाव सर्व रंगांहून वेगळा आहे. ती पाण्यात विरघळत नाही आणि जे विरघळत नाही ते धाग्यात शिरणार कसे? म्हणून रांजणात नीळ, चुना, क्षार आणि टाकळ्याचे बी घालून ते मिश्रण आंबवतात. आंबताना त्यातला प्राणवायू खर्च होतो आणि निळीचे रूप पालटते. तिचा निळेपणा जातो, ती पिवळसर हिरवी होऊन पाण्यात विरघळते. अशा वेळी बुडवलेले कापड बाहेर काढले तर ते प्रथम हिरवट दिसते. परंतु वारा लागला की हवेतला प्राणवायू पुन्हा तिला मिळतो आणि पाहता पाहता ते हिरवे कापड निळे होते. आता ती नीळ धाग्याच्या आत कोंडली गेलेली असते. ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच हा रंग पक्का.

निळीचा रांजण आंबलेला राखणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. वास, रंग आणि वरचा फेस पाहून अनुभवी रंगारी तो ठीक आहे की नाही हे सांगतो. थंडी पडली की तो मंदावतो, दुर्लक्ष झाले तर नासतो.

नीळ झाली की कापड पुष्कळ पाण्यात धुतात. चुन्याची, मातीची आणि डिंकाची पुटे गळून पडतात. पांढऱ्या रेषा उघड्या होतात. तुरटीच्या जागा मात्र अजून फिक्याच असतात, पण त्यांच्यात तुरटी दडून बसलेली असते. मग कापड तांब्याच्या मोठ्या कढईत मंजिष्ठाच्या पाण्याबरोबर उकळतात. मंजिष्ठ ही एक वेल आहे आणि तिचा लाल रंग असतो तो मुळांत. नुसत्या कापडावर हा रंग टिकत नाही, धुतला की जातो. पण तुरटी भेटली की तो तिला घट्ट धरतो आणि तुरटीने आधीच धाग्याला धरलेले असते. रंग आणि धागा यांना असे एकत्र बांधणाऱ्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात. म्हणून सारे कापड एकाच कढईत एकाच रंगात उकळले, तरी लाल होतात त्या फक्त तुरटीच्या जागा. निळे निळेच राहते, काळे अधिकच काळे होते आणि पांढऱ्या रेषांवर बसलेला फिकट तांबूसपणा धुऊन व उन्हात टाकून जातो.

एका रंगाच्या कढईतून अनेक रंगांचे कापड निघते हे पाहून प्राचीन लोकही थक्क झाले होते. प्लिनी नावाचा एक रोमन ग्रंथकार इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. मिसरमधील कारागीर पांढऱ्या कापडावर काही रंगहीन द्रव्ये लावतात, मग ते एकाच रंगाच्या उकळत्या कढईत बुडवतात आणि ते नाना रंगांचे होऊन निघते, असे त्याने मोठ्या नवलाने लिहून ठेवले आहे.

ह्या सर्व क्रियांचा क्रम उगीच ठरलेला नाही. निळीचा रांजण थंड असतो, म्हणून त्यात खळीची भिंत टिकते. मंजिष्ठाची कढई उकळती असते, तिच्यात ती भिंत टिकली नसती. म्हणून नीळ आधी आणि मंजिष्ठ मागाहून. हिरडा कटाच्या आधीच हवा, नाहीतर काळा रंग उठणार नाही. साज नीट झाला नाही, तर पुढचे सारे रंग विटके होतील. हे नियम कुणा शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बसून घालून दिले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बापाने केले ते मुलाने पाहिले, मुलाची चूक झाली ती बापाने दाखवली, आणि अशा रीतीने ही विद्या हातातून हातात आली.

पण हातातून हातात येणाऱ्या विद्येला एक भय असते. एका पिढीने हात मागे घेतला की ती संपते. अजरखावर तसा प्रसंग येऊन ठेपला होता.

१८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज तरुण हिवतापावरील क्विनीन हे औषध कृत्रिम रीतीने करण्याच्या खटपटीत होता. औषध काही झाले नाही, पण त्याला एक सुंदर जांभळा रंग सापडला. तेव्हापासून दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग काढण्याची जणू शर्यतच सुरू झाली. १८६८ साली मंजिष्ठवर्गीय मुळांतील लाल रंग जर्मन शास्त्रज्ञांनी कृत्रिम रीतीने तयार केला. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा इतिहास काही सुखाचा नव्हता. बिहारमधील चंपारणात मळेवाले शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या वीस भागांपैकी तीन भागांत सक्तीने नीळ लावायला भाग पाडीत, आणि ह्याच जुलमाविरुद्ध १९१७ साली महात्मा गांधींनी तेथे सत्याग्रह केला. तेव्हा कारखान्यात नीळ तयार झाली ह्यात सारे वाईटच घडले असे म्हणता येणार नाही. पण त्याबरोबर वनस्पतींच्या रंगांची जुनी विद्या मात्र अडगळीत पडू लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे स्वस्त रंग कच्छच्या खेड्यांत पोहोचले. दोन-तीन आठवड्यांचे काम थोडक्या दिवसांत होऊ लागले. हिरडे कुटायला नकोत, गूळ आंबवायला नको, मुळे उकळायला नकोत. साहजिकच बहुतेक रंगाऱ्यांनी जुने रांजण बाजूला सारले. पुढे गिरण्यांनी अजरखासारखी नक्षी यंत्रावर छापून आणखी स्वस्तात विकायला आरंभ केला आणि मालधाऱ्यांनाही ते कापड परवडू लागले. कारागिराने यंत्राशी वेगात स्पर्धा करायची म्हटले, तर तो हरणार हे ठरलेलेच होते.

धमडका गावातील मोहंमद सिद्दीक खत्री यांनी हे नीट ओळखले. लहानपणी त्यांनी वडीलधाऱ्यांच्या हाताखाली वनस्पतींचे रंग शिकून घेतले होते. रासायनिक रंगांचे दिवसही त्यांनी पाहिले. ज्या कामात यंत्र आपल्याला सहज मागे टाकते ते काम करीत राहण्यापेक्षा, जे यंत्राला साधत नाही ते आपण करावे, अशी त्यांची दृष्टी होती. म्हणून गावात सारे जण नव्याकडे वळलेले असताना ते पुन्हा हिरडा, तुरटी, नीळ आणि मंजिष्ठ यांच्याकडे वळले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपले तीन मुलगे, अब्दुलरझाक, इस्माईल आणि अब्दुलजब्बार, यांना त्यांनी ही सारी विद्या शिकवली. आपण एकट्याने जपलेली गोष्ट आपल्याबरोबरच जाते, हे त्यांना ठाऊक होते. हळूहळू देशातील आणि परदेशातील जाणकारांचे लक्ष धमडक्याकडे वळले. जे कापड मालधाऱ्यांच्या खांद्यावर होते, त्याला दूरदूरच्या शहरांत मागणी येऊ लागली. १९९९ साली मोहंमद सिद्दीक निवर्तले, तेव्हा त्यांची विद्या तीन मुलांच्या हातांत सुरक्षित होती.

परंतु पुढच्या दोनच वर्षांत फार मोठी आपत्ती आली. २६ जानेवारी २००१ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी, कच्छची भूमी हादरली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, गावेच्या गावे भुईसपाट झाली. धमडकाही त्यांतलेच एक. घरे कोसळली, कारखाने कोसळले, घराघरात दुःख झाले.

घर पडले तर ते पुन्हा बांधता येते. पण भूकंपानंतर कारागिरांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. सारण नदी तर पूर्वीच आटलेली होती आणि विहिरींवर काम चालले होते. आता त्या विहिरींचे पाणीच बदलले होते. त्यात लोखंडाचा अंश वाढला होता. पिण्याच्या पाण्याविषयी सामान्य माणूस जसा चिंतेत पडेल, त्याहून रंगारी अधिक चिंतेत पडला. कारण लोखंड काय करते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ज्या लोखंडाला तो गुळाच्या पाण्यात उतरवून मुद्दाम काळा रंग करीत असे, तेच लोखंड आता न बोलावता प्रत्येक घागरीतून येऊ लागले होते. हिरड्यात भिजवलेले कापड काळवंडू लागले. मंजिष्ठाचा लाल रंग मळकट होऊ लागला. चारशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी ज्या पाण्यासाठी हे गाव निवडले होते, तेच पाणी आता साथ देईनासे झाले.

अशा वेळी दोन मार्ग होते. पुन्हा रासायनिक रंग घ्यावेत आणि जुन्या जागी राहावे, हा एक. गाव सोडावे आणि विद्या राखावी, हा दुसरा. ज्या मातीत वाडवडील विसावले ती सोडणे सोपे नसते, आणि तीही अशा वेळी, जेव्हा ढिगाऱ्यांखालून घरातले सामानसुद्धा पुरते निघालेले नसते. इस्माईल खत्री आणि त्यांच्याबरोबरची अनेक कुटुंबे यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांनी चांगल्या पाण्याचा शोध घेतला. भुजच्या पूर्वेस थोड्या अंतरावर त्यांना तशी जागा मिळाली. तेथे त्यांनी नवे गाव वसवले आणि त्या गावाला नाव दिले ‘अजरखपूर’. पुष्कळ गावांची नावे राजांवरून, देवांवरून अगर नद्यांवरून पडलेली असतात. कापडावरून नाव पडलेले हे गाव निराळेच म्हटले पाहिजे. काही कुटुंबे मात्र धमडक्यातच राहिली आणि आपला उद्योग त्यांनी तेथेच पुन्हा उभा केला. अशा रीतीने एका गावाची कला दोन गावांत नांदू लागली.

२००३ साली इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने इस्माईल खत्री यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. त्यांनी आपले ज्ञान मिळवले होते ते वडिलांजवळ, रांजण आणि कढई यांच्यापाशी. विद्यापीठाने त्याच ज्ञानाचा गौरव केला. त्यानंतर देशोदेशीचे विद्यार्थी आणि रंगकामाचे अभ्यासक अजरखपूरला येत राहिले. २०२४ साली कच्छच्या अजरखाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या मानांकनामुळे, दुसरीकडे केलेल्या कापडाला कच्छचे अजरख म्हणून विकण्यास कायद्याने आडकाठी आली.

म्हणून ह्या कलेपुढचे सारे प्रश्न सुटले असे मात्र नाही. बाजारात अजरखाच्या नावाने रासायनिक रंगांचे आणि यंत्रावर छापलेले पुष्कळ कापड विकले जाते. ते स्वस्त असते आणि लांबून पाहिले तर फरकही कळत नाही. शिवाय खऱ्या अजरखाला धुण्यासाठी पुष्कळ पाणी लागते आणि कच्छमध्ये पाणी म्हणजे मोलाची वस्तू. वनस्पतींचा रंग म्हटला की तो निसर्गाला धार्जिणा असणार असे आपण सहज समजतो. पण जमिनीतले पाणी उपसून संपवले, तर तोच रंग निसर्गाच्या मुळावर येईल. कारागिरांना ह्याची जाणीव आहे. रंगकामाचे सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा वापरावे, अशी खटपट अजरखपुरात झाली ती ह्याच जाणिवेतून. एकदा पाण्यामुळे गाव सोडावे लागलेल्या माणसांना पाण्याची किंमत दुसऱ्याने सांगावी लागत नाही.

धुतलेले अजरख शेवटी उन्हात वाळत घालतात. त्या वेळी त्याच्यावर चिंचोका दिसत नाही, गूळ दिसत नाही, हिरडा दिसत नाही की गंजलेले लोखंडही दिसत नाही. दिसतो तो मध्यरात्रीच्या आकाशासारखा निळा रंग आणि त्याच्यात उगवलेल्या लाल चांदण्या. पण ज्याला त्याची कृती ठाऊक आहे, त्याला त्या प्रत्येक रेषेमागे कोणी तरी वाट पाहत थांबलेला दिसेल. मोहंमद सिद्दीक थांबले होते, त्यांचे मुलगे थांबले, आणि आज त्या रांजणांपाशी त्यांच्याही पुढची पिढी उभी आहे. कापड हिरवट निघाले म्हणून ती घाबरत नाही. त्याला वारा लागू द्यायचा असतो, एवढे ती वडिलांपासून शिकली आहे.